ओढलेली धूळ जाते कुठे?

बीडमध्ये कुणालाही सांगून बघा की आपण व्हॅक्यूम क्लीनरला तीस-चाळीस हजार रुपये घालणार आहोत. समोरचा माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या फरशीकडे बघतो, आणि मग हळूच विचारतो, "का बरं? फडा महागला का?" :-)

(फडा म्हणजे केरसुणी. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा.)

प्रश्न रास्त आहे. पन्नास-साठ रुपयांचा फडा आणि एक बादली पाणी एवढ्यात जे काम पिढ्यानपिढ्या चाललं, त्याला इतके पैसे कशाला? मागच्या पावसाळ्यात मी या प्रश्नाला जवळपास दोन महिने दिले. ऑफिसचं काम घरूनच असल्यामुळे दुपारच्या कॉलमध्ये कॅमेरा बंद करून व्हॅक्यूम क्लीनरचे रिव्ह्यू वाचणं हा माझा जोडधंदा झाला होता. एक्सेलची शीट तयार झाली. तिच्यात एकोणीस मॉडेल्स आणि बावीस कॉलम. बायको म्हणाली, "लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली नव्हतीस." असो.

त्या शीटमधून जे हाती लागलं ते लिहून ठेवतोय. घरात लहान मुलं आहेत आणि धूळ आहे, अशा कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी पार्श्वभूमी. थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी तेव्हा अकरा महिन्यांची. धाकटी रांगायची, म्हणजे घरातली फरशी ती दिवसातून दोनदा हाताने, गुडघ्याने आणि जमल्यास जिभेने पुसून काढायची. तिचा प्रश्न नव्हता. प्रश्न थोरल्याचा होता. पावसाळा सुरू झाला की त्याची शिंक सुरू, आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत रात्री छातीत घरघर. ज्यांनी लेकराची घरघर रात्री दोन वाजता कानाला छाती लावून ऐकली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. डॉक्टर म्हणाले, धुळीची ॲलर्जी दिसतेय, त्यातही गादीतल्या धुळीची. औषध दिलं, पंप दिला, आणि घरात काय काय करायचं याची यादी दिली. त्या यादीत व्हॅक्यूम क्लीनर पाचव्या क्रमांकावर होता. हा पाचवा क्रमांक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आमची धूळ. इंटरनेटवरचे बहुतेक रिव्ह्यू ज्या घरात लिहिलेले असतात तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो आणि त्यावर कुत्र्याचे केस असतात. आमच्याकडे गालिचा नाही, कुत्रं नाही. आमच्याकडे आहे ती काळी माती. कापसाची जमीन. ती ओली असली की चपलेला किलोकिलोने चिकटते, आणि वाळली की तिचं पीठ होतं. या मातीतल्या चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. म्हणजे केसाच्या जाडीच्या तीस-चाळीस पट बारीक. थंडीत रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की हे पीठ हवेतच असतं. त्यात कापसाचा हंगाम, जिनिंग, मग बारीक तंतू. खिडक्या लावून घेतल्या तरी संध्याकाळी टीव्हीवर बोटाने नाव लिहिता येतं.

म्हणजे आमच्या घरात दोन वेगवेगळे प्रश्न होते. एक, फरशीवरची बाहेरून आलेली माती. दोन, गादीत घरच्या घरी तयार झालेली धूळ. हे दोन प्रश्न वेगळे केले आणि अर्धी शीट आपोआप रिकामी झाली.

फरशीच्या मातीला खरं तर ओल्या फडक्याइतकं चांगलं काही नाही. कोरड्या झाडूने बारीक माती उडते, अर्धा तास तरंगते आणि परत बसते. ओलं फडकं तिला धरून ठेवतं. गुळगुळीत फरशी असेल तर हे काम बादली आणि फडकं फुकटात करतात. गादी मात्र पुसता येत नाही.

गादीत काय असतं? धुळीतले माइट्स नावाचे आठ पायांचे जीव. ते डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत. आपल्या अंगावरून जो त्वचेचा कोंडा झडतो तो खातात. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी. या जिवांची एक दुबळी बाजू आहे. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषतात. हवा बराच काळ कोरडी राहिली, साधारण पन्नास टक्क्यांच्या खाली, की ते वाळून मरतात. आमचा जिल्हा तसा कोरडा. एप्रिल-मेमध्ये इथे माणूस वाळतो, तिथे माइटचं काय घेऊन बसलात! पण पावसाळ्यात हवा दमट होते, गाद्या ओलसर वास मारायला लागतात आणि यांची वस्ती वाढते. थोरल्याची घरघर जूनच्या आगेमागे का सुरू व्हायची आणि मेमध्ये का गायब व्हायची, याचं कोडं मला तेव्हा उलगडलं.

आणि आईने दर उघडिपीला गाद्या गच्चीवर नेऊन टाकण्याचा आग्रह का धरला, तेही कळलं. गादीला ऊन दाखवणं म्हणजे माइटना दुष्काळ दाखवणं.

पण इथे एक मेख आहे. उन्हाने माइट मरतात, त्यांची विष्ठा गादीतच राहते. ती काढायला आपल्याकडची पद्धत म्हणजे काठी. गादी कठड्यावर टाकायची आणि बडवायची. धूळ उडते खरी, पण बडवणाऱ्याच्या नाकातोंडात जाते, आणि उरलेली शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. व्हॅक्यूम क्लीनर जर कुठे लागत असेल तर तो इथे. उन्हाने मारायचं, मशीनने उचलायचं. माझ्या बावीस कॉलमच्या शीटमधली पहिली ओळ अशी झाली: "मशीन फरशीसाठी नाही, गादीसाठी. सोबत सोफा, पडदे आणि दिवाणाखालची जागा."

आता मशीन वापरणार कोण? आमच्या धंद्यात याला 'यूजर कोण?' म्हणतात आणि अर्धे प्रोजेक्ट या प्रश्नावर आपटतात. आमच्याकडे झाडू-फरशीला एक ताई येतात. पण आमच्या जिल्ह्यात घरकामाचंसुद्धा एक कॅलेंडर असतं. दसरा झाला की मुकादमाचा निरोप येतो, उचल घेतलेली असते, आणि ताई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडला की परत, म्हणजे पाडव्याच्या आसपास. ते पाच-सहा महिने आमच्या गल्लीत दुसरं कुणी मिळत नाही, कारण मिळणाऱ्या बहुतेक सगळ्या फडात गेलेल्या असतात. मग आमच्या घरात फडा कोण हातात घेतं? मी म्हणालो असतो मी, पण सकाळी नऊला माझा स्टँडअप असतो आणि बायकोची शाळा साडेसातची. फडा आईच्या हातात जातो. आईचं वय सहासष्ट, गुडघे त्याहून म्हातारे.

तेव्हा यूजर ठरला: आई. मी फक्त पैसे देणारा.

आता शीटचे कॉलम. पहिला आणि सगळ्यात फसवा कॉलम म्हणजे वॅट. आपल्याकडे अजूनही खोक्यावर १६०० वॅट, २००० वॅट असं ठळक लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, जितके जास्त वॅट तितकं मशीन दांडगं. वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं ते. किती काम करतं ते नव्हे. जेवणावरून गड्याचं काम मोजण्यातला प्रकार. युरोपात २०१४ साली १६०० वॅटच्या वरच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या विक्रीवर बंदी आली आणि २०१७ पासून ती मर्यादा ९०० वॅटवर आणली. तिथली घरं काही घाण झाली नाहीत. कंपन्यांनी पंखा, नळी आणि तोंडाची रचना सुधारली. शिवाय आमच्याकडे दुसरीही गोष्ट आहे. १६०० वॅटचं मशीन घरच्या इन्व्हर्टरवर लावलं तर इन्व्हर्टर हात वर करतो. कमी वॅटचं मशीन बीडला जास्त मानवतं.

दुसरा कॉलम 'ओढ', म्हणजे किलोपास्कल किंवा एअर वॅट. हा वॅटपेक्षा बरा आकडा. पण तो नव्या कोऱ्या मशीनचा, रिकाम्या डब्याचा असतो. फिल्टर भरला की आकडा घसरतो. आमच्या पिठासारख्या मातीने फिल्टर फार लवकर भरतो. हा मुद्दा पुढे निर्णायक ठरला.

मग डेमो. एका कंपनीचा मुलगा घरी आला. इस्त्रीचा शर्ट, टाय, बीडच्या उन्हात! १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सने भारतात घरोघरी जाऊन व्हॅक्यूम क्लीनर दाखवण्याची जी पद्धत रुजवली, तिचे वारस अजून आहेत. त्याने आमच्या गादीवर मशीन फिरवलं. नळीच्या मध्ये एक काळं कापड लावलं होतं. दोन मिनिटांनी कापड काढून आईपुढे धरलं. त्यावर पांढरट भुकटीचा जाड थर. आई दचकलीच. "यावर झोपतो आपण?"

या प्रयोगाचा इतिहास गमतीचा आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने १९०१ मध्ये धूळ ओढणारं मशीन बनवलं. त्याआधीची यंत्रं धूळ फुंकून उडवायची, म्हणजे आपल्या काठीची विलायती आवृत्ती. बूथला वाटलं, फुंकण्याऐवजी ओढली तर? त्याने हॉटेलातल्या खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोराने श्वास आत ओढला. खोकला आला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ चिकटली होती. बूथचं मशीन घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात जायच्या. रुमालाचा तो प्रयोग सव्वाशे वर्षांनी आमच्या दिवाणखान्यात झाला. फक्त रुमाल काळा होता आणि खोकला आमच्या पोराला आला.

तर त्या मुलाला मी विचारलं, "परत त्याच जागी फिरवा बरं, नवं कापड लावून." फिरवलं. कापडावर थर आला, जरा पातळ. तिसऱ्यांदाही आला. म्हणजे हा डेमो गादी घाण आहे हे सिद्ध करतो, मशीन चांगलं आहे हे नाही. कुठलंही मशीन कुठल्याही गादीतून पहिल्या दोन मिनिटांत एवढी भुकटी काढतंच. डेमो वेगळा आणि प्रॉडक्शन वेगळं, हे आपल्याला रोज दिसतं की!

मला बघायचं होतं ते दुसरंच. मी खोलीचे पडदे ओढले, लाइट बंद केला आणि मशीनमधून जिथून हवा बाहेर पडते तिथे आडवा टॉर्च धरला. टॉर्चच्या झोतात धूर निघावा तशी धूळ नाचत होती. मशीन पुढून धूळ ओढत होतं आणि मागून तिच्यातली सगळ्यात बारीक धूळ खोलीभर शिंपडत होतं. फरशीवर पडलेली धूळ निदान पडलेली असते. ही नाकाच्या उंचीवर आली. मुलगा शांत बसला. त्याचा काही दोष नव्हता, त्याला कुणी असा प्रश्न शिकवलाच नव्हता. चहा पिऊन गेला.

त्या दिवसापासून शीटमध्ये एकच कॉलम ठळक झाला: ओढलेली धूळ जाते कुठे?

याचं पुस्तकी उत्तर म्हणजे हेपा फिल्टर. अमेरिकी व्याख्येत तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. युरोपात एच-१३ हा वर्ग असतो, तो ९९.९५ टक्के. माइटच्या विष्ठेचे कण १० ते ४० मायक्रॉनचे, म्हणजे त्या मानाने धोंडे. पण आमच्या मातीसाठी आणि धुरकट कणांसाठी हेपाच हवा. आता खरी गोम. फिल्टर चांगला असून भागत नाही, मशीनची बाकीची शिवण पक्की हवी. हवा हुशार असते, ती सगळ्यात सोप्या फटीतून जाते. फिल्टरच्या कडेने, झाकणाच्या सांध्यातून हवा निसटली तर तो हेपा म्हणजे भिंत नसलेल्या वाड्याचा दरवाजा. महाग आणि स्वस्त मशीनमधला खरा फरक मला इथे दिसला. रबराच्या कडा, घट्ट बसणारं झाकण, फिल्टर नसेल तर बंदच न होणारं झाकण. पैसे द्यायचे तर याला.

एकेक प्रकार टॉर्चखाली घातला. थोडक्यात सांगतो.

रोबो: गोलमटोल, घरभर फिरणारा. मुलांना फार आवडला. पण आमच्या घरात प्रत्येक खोलीला उंबरा आहे, आणि रोबोची उडी साधारण दोन सेंटिमीटरची. तो एका खोलीतच जन्म काढणार. शिवाय गादीवर चढत नाही. बाद.

पाण्याचं मशीन: ओढलेली हवा पाण्यातून जाते, माती पाण्यात बसते. तत्त्व छान. पण दर वेळी दोन-अडीच लिटर पाणी भरायचं, चिखल ओतायचा, भांडं धुवायचं, वाळवायचं. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे हे मशीन आईला दाखवायचीसुद्धा माझी छाती झाली नाही. बाद.

काठीसारखं बिनवायरचं: हे आजचं सगळ्यात झगमगीत प्रकरण. पुण्याला गेलो होतो तेव्हा मॉलमध्ये पाहिलं. तोंडाशी हिरवा प्रकाश पडतो, न दिसणारी धूळ दिसायला लागते, आणि छोट्या पडद्यावर कण मोजून दाखवतात. आमच्यासारख्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. यांत जी चांगली आहेत त्यांची शिवण पक्की असते, हेही खरं. जेम्स डायसनने चक्रीवादळाच्या तत्त्वावर पिशवी नसलेलं मशीन करायला ५१२७ नमुने बनवले होते, त्या घराण्यातली ही मंडळी. चक्रीवादळ म्हणजे हवा गरगर फिरवायची, जड धूळ बाहेर फेकली जाऊन डब्यात पडते. पण दोन मायक्रॉनचं पीठ इतकं हलकं असतं की त्यातलं बरंचसं हवेबरोबर पुढे फिल्टरवर जातं. मग फिल्टर वारंवार धुवा आणि चोवीस तास वाळवा, पावसाळ्यात त्याहून जास्त. गादीसाठी पूर्ण जोर लावला की बॅटरी पाच-दहा मिनिटांत मान टाकते. आणि डबा रिकामा करताना धूळ उडते ती उडतेच. ज्या घरात दोन वर्षांच्या आतलं मूल पायात घुटमळतं तिथे हा प्रकार मला नको होता. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. ज्यांच्याकडे फ्लॅट आहे, माती कमी आहे, त्यांनी खुशाल घ्यावं.

राहिलं ते जुन्या पद्धतीचं. चाकांवरचा डबा, लांब नळी, वायर, आणि आत बदलायची पिशवी. पिशवी! इंटरनेटवर ज्यांना लोक 'आऊटडेटेड' म्हणतात ते. पण बघा: धूळ पिशवीत जाते, पिशवी भरली की तिचं तोंड आपोआप बंद होतं, सगळी पिशवीच केराच्या डब्यात. धूळ परत दिसतच नाही. पिशवी स्वतःच पहिला फिल्टर, मागे हेपा. टॉर्च धरला तर झोत स्वच्छ. पिशवी दोन-अडीचशे रुपयांना पडते आणि गादीपुरतं वापरलं तर दीड-दोन महिने जाते. सर्व्हिस सेंटर संभाजीनगरला, सव्वाशे किलोमीटरवर. पण पिशव्या कुरियरने घरी येतात. बीडला रेल्वे यायला २०२५ उजाडावं लागलं, कुरियर मात्र कधीचंच पोचलंय. :-)

दोन मॉडेल्स उरली तेव्हा आईला दुकानात नेलं. यूजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग! आईने किंमत बघितली नाही, बटण बघितलं. पायाने दाबता येतं का? येतं. नळी उभं राहून धरता येते का, वाकावं लागतं का? एकाची नळी लांब होत होती, दुसऱ्याची आईच्या उंचीला अपुरी. मग तिने दोन्ही मशीन एकेका हाताने उचलली, दुकानदाराच्या तीन पायऱ्या चढली आणि उतरली. गच्चीचा जिना तिच्या डोक्यात होता. "हे," म्हणाली. मग दुकानदाराला सांगून आवाज ऐकला. धाकटी कडेवर होती. ती रडली नाही, मशीनकडे टक लावून बघत राहिली. सौदा पक्का. अठ्ठावीस हजार. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा ब्रँडवर जाते आणि टॉर्च राहून जातो.

आता जे शीटमध्ये मावलं नाही ते.

खोकं घरी आलं तेव्हा दसरा चार दिवसांवर होता. ताई फरशी पुसत होत्या. खोक्यावरचं चित्र बघून थांबल्या. म्हणाल्या, "दादा, मशीन आणली, मग पाडव्यानंतर मी यायचं का नाही?"

मला बोलायला वेळ लागला. हिशेब मी आधीच केलेला होता, कुणी विचारला नव्हता तरी. मी ज्या झगमगीत मशीनकडे बघत होतो, त्याची किंमत म्हणजे ताईंचा आमच्या घरचा तीन वर्षांचा पगार. घेतलेल्याची म्हटलं तरी दोन वर्षांचा. बायको आतून म्हणाली, "मशीन गादीला आहे ताई, फरशी तुमचीच. तुम्ही आल्याशिवाय जागा भरणार नाही." ते खरंच होतं. फरशीला ओलं फडकंच चांगलं हे तर मी आधी लिहिलंच आहे. पण तांत्रिक दृष्ट्या खरं उत्तर हाताशी असणं वेगळं आणि विचारणाऱ्याच्या पोटातली भीती वेगळी.

मग ताईंनी विचारलं, "गादीतली धूळ लेकराला बाधते व्हय?" बायकोने सगळं सांगितलं. ताई म्हणाल्या, "आमच्या पोरीलाबी रात्री असंच वाजतं छातीत. फडावर जास्त." त्यांची मुलगी पाच वर्षांची. ऊसतोडीला ती बरोबर जाते. पाचटाच्या कोपीत झोपते, चूल दाराशी.

मला त्या वेळी जेम्स मरे स्पँगलर आठवला. त्याच्याबद्दल वाचलं होतं ते बूथच्या नादात. हा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावात एका दुकानात झाडलोट करायचा. त्याला दमा होता. झाडूने उडणाऱ्या धुळीने जीव घाबरा व्हायचा. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक मशीन केलं, १९०८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि ते हूवर नावाच्या कुटुंबाला विकलं. हातात धरून चालवायच्या विजेच्या व्हॅक्यूम क्लीनरचा धंदा तिथून फोफावला. म्हणजे हे यंत्र एका झाडणाऱ्या माणसाने स्वतःच्या श्वासासाठी बनवलं होतं. आणि सव्वाशे वर्षं होत आली तरी ते झाडणाऱ्यांपर्यंत फारसं पोचलेलं नाही.

त्या संध्याकाळी बायको ताईंच्या मुलीला आमच्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, पंप कसा घ्यायचा ते दाखवलं, आणि तीच यादी सांगितली जी आम्हाला सांगितली होती. यात उपकार वगैरे काही नाही, चार गल्ल्यांचं अंतर होतं. पण ती यादी दुसऱ्यांदा ऐकताना मला तिचा क्रम पहिल्यांदा नीट दिसला. सांगतो:

१. घरात धूर नको. डासांची अगरबत्ती, धूप, बिडी, सगळं बंद. मच्छरदाणी लावा. (डासांच्या एका अगरबत्तीतून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं.)

२. अंथरूण-पांघरूण, गोधड्या दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. ५५-६० अंशांवर माइट मरतात.

३. गाद्यांना, उशांना कडक ऊन द्या. शक्य असेल तर घट्ट विणीच्या, चेनच्या खोळी घाला.

४. फरशी ओल्या फडक्याने पुसा. झाडताना, झटकताना मुलाला त्या खोलीतून बाहेर पाठवा.

५. जमल्यास चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर.

आणि या सगळ्यांच्या वर, न चुकता, औषध.

पहिल्या चारांना जवळपास पैसे लागत नाहीत. पाचव्याला अठ्ठावीस हजार लागतात. बाजारात जाहिरात मात्र पाचव्याचीच असते, कारण उन्हाची जाहिरात कोण करणार? ताईंच्या कोपीत पाचवा क्रमांक जाऊ शकत नाही, पण दुसरा-तिसरा जमतो. पहिला सगळ्यात अवघड. चूल दारापासून लांब मांडायची तर वारा, पाऊस, कुत्री. ताई डॉक्टरांना म्हणाल्या, "बघते." एवढंच.

आता निकाल. थोरल्याची घरघर या हंगामात बरीच कमी झाली. रात्री पंप लागला तो दोनदाच. मशीनमुळे का? प्रामाणिकपणे सांगायचं तर सांगता येणार नाही. आम्ही एकाच महिन्यात अगरबत्ती बंद केली, खोळी घातल्या, औषध नियमित केलं आणि मशीन आणलं. एकाच रिलीजमध्ये पाच बदल केले की कुठल्या बदलाने बग गेला हे कळत नाही. लेकराच्या छातीवर एकेक बदल करून बघण्याची माझी तयारी नाही. तेव्हा हा अज्ञानाचा आनंद मी घेणार.

मशीनचं इतकंच सांगू शकतो की ते वापरलं जातंय. दर रविवारी गाद्या गच्चीवर जातात, दुपारी उन्हातच त्यांच्यावर मशीन फिरतं, काठी माळ्यावर गेली. आई शेजारणीला सांगते, "नुसतं फिरवायचं, खोकला नाही की काही नाही." हिवाळाभर फरशीचा झाडू मी सहा वाजता उठून मारला, कारण आईच्या गुडघ्यांवर उपाय एकोणीस मॉडेलांपैकी एकातही नव्हता.

तुम्ही घेणार असाल तर वॅट विचारू नका, हिरवा लाइट बघू नका. खिशात टॉर्च घेऊन जा आणि मशीनच्या मागे धरा. जो माणूस ते रोज उचलणार आहे त्याला बरोबर न्या. पिशवी किंवा फिल्टर तुमच्या गावात मिळतो का ते पैसे देण्याआधी विचारा. आणि यादीतल्या पहिल्या चार गोष्टी झाल्या असतील तरच पाचवीकडे वळा.

ताई पाडव्यानंतर आठ दिवसांनी आल्या. मुलगी बरोबर होती, थोडी वाळलेली, पण चालता चालता बडबडत. पंप संपला होता. पहिल्याच दिवशी बायकोने नवा आणून दिला आणि पुढच्या तपासणीची तारीख फ्रिजवर आमच्या पोराच्या तारखेखाली लिहिली.